गाठ बसेपर्यंत

१

मला लिहायची सवय नाही. सातवीत मास्तरांच्या सायकलची हवा सोडून जो शाळेबाहेर पडलो तो परत गेलो नाही. एरवी मी बोलून मोकळा होणारा माणूस. पण सध्या तोंड उघडायची सोय नाही, म्हणून लिहितोय. अक्षराकडे बघू नका.

मी हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो. सकाळी सिंहगड रोडवरून पोरंपोरी उचलायची, कंपनीच्या दारात उतरवायची, संध्याकाळी परत आणायची. मधली दुपार आमची. बाकीचे ड्रायव्हर तिकडेच बसच्या सावलीत पत्ते कुटतात. मी मात्र ताई गेल्यापासून रोज दुपारी बस घेऊन धायरीला येतो. बसचा मालक डिझेलवरून शिव्या देतो. देऊ दे.

धायरीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत मी झोपतो, आतल्या खोलीत ताई आणि तिचे पेपर. वर्तमानपत्र नव्हे. जगभरातल्या लोकांनी गाळावर लिहिलेले इंग्रजी लेख. विजयमालाताई कॉलेजात शिकवायची आणि खडकवासल्याच्या धरणातल्या गाळाचा अभ्यास करायची. तो येतो कुठून, बसतो कुठे. रविवारी डबे घेऊन धरणावर जायची, गाळ भरून आणायची. कितीही हात धुतले तरी नखांत राखाडी रेघ राहायचीच. त्याच हातांनी भाकरी करायची.

"ताई, गाळ खातोय मी," असं म्हटलं की म्हणायची, "अख्खं पुणं त्यावरचं पाणी पितं. तू काय मोठा लागून गेलास?"

गणपती उठले आणि तिला ताप आला. पुढचं लिहीत नाही.

२

घरमालक दीनानाथकाका खालच्या मजल्यावर राहतात. दिवस झाल्यावर वर आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "सर्जेराव, वाईट झालं. खोल्या दिवाळीनंतर लागतील मला." दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. मी त्यांच्या अंगावर धावलो असतो, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून मीच आत जाऊन रडलो.

मग ताईच्या कॉलेजच्या आनंदीबाई आल्या. तिच्या विभागाच्या मोठ्या मॅडम. आतल्या खोलीच्या दारात त्या थबकल्याच. पलंगाखाली पेपर, माळ्यावर पेपर, बाबांच्या शिलाई मशीनवर पेपर, तांदळाच्या रिकाम्या डब्यात पेपर.

"वाचलेले कॉलेजला द्या," त्या म्हणाल्या. "तिच्या खुणा असतील त्यांवर, मुलांना उपयोग होईल. न वाचलेले रद्दीत घाला. ते काय, कुठेही मिळतात."

"वाचलेले कुठले ते मला कळतं," मी म्हणालो.

इंग्रजी येत नसलं तरी हे मला खरंच कळतं. आमचे बाबा शिंपी. धायरी फाट्यावर मशीन टाकून शाळांचे गणवेश शिवायचे. मी रांगता असताना ताईच्या पेपरची स्टेपलरची पिन माझ्या गुडघ्यात गेली, पाय सुजला, मोठं रामायण झालं. तेव्हापासून तिनं नियम केला. पेपर वाचून झाला की पिन नखानं उचकटायची, स्टीलच्या वाटीत टाकायची आणि पेपराच्या कोपऱ्याला दोन टाके घालून गाठ मारायची. दोरा बाटलीहिरवा. बाबांची गणवेशाची रिळं उरली होती, ती तिला जन्मभर पुरली.

म्हणजे पिन असेल तो न वाचलेला. हिरवा दोरा असेल तो वाचलेला. आंधळ्यालाही निवडता येईल.

३

मी निवडायला बसलो. शिवलेले पलंगावर, पिनवाले खिडकीखाली.

खिडकीखालचा ढीग माझ्या छातीला लागायला आला तरी पलंगावर उशीएवढेसुद्धा पेपर जमेनात. मला हसू आलं. बाकीच्या बाया लक्ष्मी रोडला गेल्या की साड्या घेतात, आमची ताई झेरॉक्सच्या दुकानात शिरायची. पिशवी घेऊन आली की मी विचारायचो, "एवढं वाचणार कधी?"

"म्हातारपणी. तू बायको आणशील, ती मला काम करू देणार नाही, मग वाचत बसेन."

"आणि आलीच नाही तर?"

"मग तुलाच वाचून दाखवीन. शिक्षा."

मला इंग्रजी अक्षरं कळत नसली तरी चित्रं कळतात. धरणाची भिंत, पाण्याची रेघ, खाली गाळाचे थर. एका पेपरात एका उघड्या पडलेल्या तळाचा फोटो होता, चिखलाला भेगा. तो मला आवडला म्हणून ढिगाच्या अगदी वर ठेवला आणि संध्याकाळच्या फेरीला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तर तो वरच होता. पण त्याला पिन नव्हती. दोन टाके, गाठ, हिरवा दोरा.

मी म्हटलं, चुकलो. ताई गेल्यापासून मी मिठाच्या जागी साखर घालतोय, पायात दोन वेगळ्या चपला घालून कंपनीत गेलोय. पेपर उचलून पलंगावर ठेवला.

त्याच्या पुढच्या दुपारी आणखी काही शिवलेले निघाले. यावेळी मी वाटी बघितली. सुतकात मी घरातली सगळी भांडी घासून पालथी घातली होती, ती वाटीही. आता ती मशीनवर सुलटी होती आणि तळाला पिना होत्या.

४

एक किल्ली माझ्याकडे आणि एक खाली काकांकडे. मी तडक खाली गेलो.

"काका, वर कोण जातं?"

"भाडं थकलं की मी जातो. तुमचं थकलेलं नाही."

"ताईचे पेपर कुणीतरी वाचतंय."

काकांनी चष्मा काढला. "सर्जेराव, मला माझं लाईटबिल वाचायला जमत नाही, मी इंग्रजीत गाळ वाचू? आणि ती बस हलवा जरा. बस तुमच्या कंपनीची असेल, रस्ता कंपनीचा नाही."

मी त्यांची किल्ली मागून घेतली. त्यांनी दिली. देताना माझ्या शर्टाकडे बघून म्हणाले, "खिसा फाटलाय. कुणाकडून तरी शिवून घ्या."

वाकडच्या पुलाखाली एका दुचाकीवाल्यानं आडवी गाडी घातली होती, मी उतरलो, त्यानं खिसा धरला, मी गळा. तेव्हाचा फाटलेला. कुणाकडून शिवून घेऊ? माझे सगळे खिसे ताईच शिवायची. तेही शर्ट काढायला लावून. एकदा घाईत मी म्हटलं, अंगावरच टाका मार की. ती दचकलीच. अंगावरचं शिवू नये, ही आमच्या आईची शिकवण. अगदीच अडलं तर घालणाऱ्यानं दातात दोरा धरायचा आणि गाठ बसेपर्यंत सोडायचा नाही. तोंड रिकामं असताना अंगावर शिवतात ते फक्त... आई इथंच थांबायची, भरल्या घरात तसला शब्द नको म्हणून. आम्हालाही पुढं विचारायचा धीर नव्हता.

ताई एवढी शिकलेली, पण त्या दिवशी तिनं माझ्या दातांत दोरा दिला, मगच सुई हातात घेतली.

५

दोन्ही किल्ल्या खिशात घालून मी दुसऱ्या दिवशी आलो. चहा टाकला. आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

चहाला उकळी यायच्या आत आतून आवाज आला. टिंग.

एवढासा आवाज, पण मी तो लहानपणापासून ऐकत आलोय. पुढच्या खोलीत मी झोपेला आलेला आणि आत ताईची पिन वाटीत पडलेली. त्या आवाजावर मला झोप यायची. आता तो ऐकून भीती वाटली आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं की चहा उतू जायला लागला तेव्हाच गॅसकडे हात गेला. मग पान उलटल्याचा आवाज. ती बोट ओलं करून उलटायची, त्यामुळे तिच्या पानाचा आवाज थोडा जड.

वाऱ्यानं असेल, म्हटलं. पण वाऱ्याला थुंकी नसते.

दार ढकलायला हात नेला आणि मागे घेतला. ती वाचताना मध्ये गेलेलं तिला चालत नसे. मी दुसरा कप काढला, चहा भरला, दाराशी ठेवला. संध्याकाळी निघताना बघितलं तर वर साय धरलेली. तिनं घेतला नव्हता. पण ती असतानाही चहा विसरायचीच, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना.

असे कितीतरी दिवस गेले. ते दिवस, खरं सांगतो, चांगले गेले. मी पुढच्या खोलीत आडवा व्हायचो, आत टिंग व्हायचं. मी मोठ्यानं तिला सगळं सांगायचो. मालक काय म्हणाला, बसमधली कुठली पोरगी कुठल्या पोराशेजारी बसायला लागली, चांदणी चौकात किती वेळ अडकलो. उत्तर यायचं नाही. पण पान उलटायचं थांबायचं, म्हणजे ती ऐकत असायची.

खिडकीखालचा ढीग कमरेपर्यंत आला. मग गुडघ्यापर्यंत.

तो गुडघ्याशी आलेला बघितला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, हा संपला की?

६

मी विचार करणाऱ्यांतला नाही. बस काढली आणि मैनुद्दीनच्या रद्दीच्या दुकानात गेलो. म्हटलं, इंग्रजी असेल ते दे. त्यानं कंपन्यांचे अहवाल दिले, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका दिल्या, कुठल्याशा औषधाची पत्रकं दिली. मी सगळं आणून खिडकीखाली रचलं.

दुसऱ्या दुपारी डोळा लागून उठलो तर तो सगळा गठ्ठा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर होता. नीट रचून.

मी मोठ्यानं हसलो. बाजारातून चुकीची भाजी आणली की ताई बोलायची नाही, पिशवी उंबऱ्यावर ठेवायची. म्हणजे परत करून ये. किडकी वांगी, जून भेंडी, सगळी त्या उंबऱ्यावरून परत गेली होती. हसता हसता माझ्या लक्षात आलं की पिशवी ठेवायला कुणीतरी दारापर्यंत आलं होतं. माझ्या अंथरुणापासून चार हातांवर. मी झोपलेलो असताना.

मग मी आनंदीबाईंकडे कॉलेजात गेलो.

"मॅडम, गाळाचे पेपर हवेत. नवे. तिनं न वाचलेले."

"कुणाला हवेत?"

"ताईला."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही जेवता का वेळेवर?"

"जेवतो. पेपर द्या."

"सर्जेराव, विजयमालाचा एक स्वभाव सांगू? वाचून टाका घातलेला पेपर ती परत हातात धरायची नाही. मी चिडायचे. मला म्हणायची, शिवलं की संपलं. मन मोकळं होतं, पुढचा घ्यायला." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्हीही आता संपवा. द्या ते सगळं आमच्याकडे."

त्या मायेनं बोलल्या होत्या. मला मात्र राग आला. पेपर न घेताच जिना उतरलो. अर्ध्यात आल्यावर वाटलं, परत जावं, पाया पडून मागावेत. पण मी असा आहे, एकदा उतरलो की उतरलो.

७

घरी आलो तेव्हा खिडकीखाली एकच पेपर उरला होता. त्याला पिन होती.

सकाळी मी गेलो तेव्हा ढीग गुडघ्याला होता. म्हणजे तीसुद्धा घाई करत होती.

मी तो एकुलता एक पेपर उचलला, घडी केली, शर्टाच्या आत छातीशी घातला आणि पुढच्या खोलीत जमिनीवर आडवा झालो. वर दोन्ही हात बांधून घेतले. म्हटलं, हा देणार नाही. हा वाचायचा राहील तोवर तुला थांबावं लागेल. लहानपणी तिचा चष्मा असाच लपवायचो. तो मिळेपर्यंत ती कॉलेजला जाऊ शकायची नाही, मग वैतागून माझ्याशेजारीच बसायची.

झोपायचं नव्हतं. पण पहाटेपासून गाडी चालवलेली, डोळा लागला.

जाग आली ती छातीवरच्या ओढीनं. कुणीतरी कापड चिमटीत धरलं होतं. सुई आत जाते, दोरा सरकतो, तो सरसर आवाज अगदी कानाशी. डोळे पूर्ण उघडले नाहीत. पापण्यांच्या फटीतून फक्त भांग दिसला, सरळ, पांढरा, माझ्या हनुवटीखाली वाकलेला. आणि बोटं. नखांत राखाडी रेघ. नखांत म्हणजे, नखांच्या वरपर्यंत. पेराच्या भेगांतसुद्धा गाळ, वाळून तडकलेला, त्या फोटोतल्या तळासारखा.

मी डोळे घट्ट मिटले. भ्यालो म्हणून, हे कबूल करतो. पण हललो नाही, कारण हललो असतो तर ती उठली असती.

टिंग.

उठून बसलो तेव्हा खोलीत ऊन होतं आणि कुणी नव्हतं. शर्टाचा खिसा शिवलेला, दोन टाके, गाठ. शेवटचा पेपर माझ्या शेजारी, तोही शिवलेला. माझ्या दातांत काहीतरी होतं. काढून बघितलं. हिरव्या दोऱ्याचा तुकडा.

८

त्यानंतर घर गप्प झालं. चहा ठेवला, बोललो, भांडलोसुद्धा. आतल्या खोलीत फक्त खोली होती.

मॅडमचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. शिवलं की संपलं. तिनं पेपरही शिवले आणि मलाही शिवलं. परत हातात धरायची नाही.

दिवाळी तोंडावर आली. कॉलेजचा शिपाई टेम्पो घेऊन आला, सगळे पेपर नेले. काका जिन्यात उभे राहून बघत होते. टेम्पो गेल्यावर म्हणाले, "वर चार घास पाठवू का?" मी नको म्हटलं.

वर आलो, दार लावलं आणि शिवलेला खिसा धरून खाली ओढला. ताईचा टाका चिवट, तो सुटेना, कापडच फाटलं. चांगलं चार बोटं फाटलं. वाटी छातीशी घेतली, सुई आणि रीळ उशाला ठेवलं, आडवा झालो. ओठ मिटून घेतले. आत काही धरलं नव्हतं. आईचं ते अर्धं वाक्य मला आठवत होतं. मुद्दाम धरलं नव्हतं.

म्हटलं, ये. आता शिव.

किती वेळ गेला ते माहीत नाही. खालच्या गल्लीत पोरं किल्ला करत होती, मातीवर थापट्या मारल्याचा आवाज येत होता. मग तो आवाज लांब गेला. माझ्या ओठांवर बोट टेकलं. थंड, खरखरीत. मी दात आवळले. ते बोट थांबलं नाही, लहानपणी औषध पाजताना करायची तसं गालाच्या कडेनं आत शिरलं आणि दात उघडले. जिभेवर गाळाची चव आली. आणि दोरा. तिनं तो माझ्या दातांत नीट बसवला, गालावर हलकीच चापट मारली. वेडा कुठला, असं म्हणताना मारायची तशी.

मग छातीवर ओढ. एक टाका. सरसर. दुसरा टाका.

दारावर धाडधाड झालं. "सर्जेराव! बस! दूधवाल्याचा टेम्पो अडकलाय, त्याचं दही व्हायची वेळ आली!"

मी ताडकन उठलो. खोलीत मी एकटा. खिसा शिवलेला, पण गाठ नव्हती. दोरा तुटला नव्हता, सुई त्याच्या टोकाला लोंबत होती.

मी दार उघडलं. काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बसचं नाव न काढता जिना उतरले.

९

हे मी हिंजवडीत, बसमध्ये बसून लिहितोय. शर्ट तोच आहे. दोरा दातांत आहे. गाठ बसेपर्यंत सोडायचा नसतो.

कालच्या फेरीला एक पोरगी म्हणाली, "दादा, एसी वाढवा ना." मी मान हलवली. मालकाचा फोन आला, उचलला नाही. वाकडच्या पुलाखाली एकानं शिवी घातली, मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांना वाटतंय सर्जेराव सुधारला.

एक गोष्ट मात्र आहे. बस चालताना सुई खाली लोंबायला हवी, पोटाशी झुलायला हवी. ती तशी झुलत नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे गेलेली असते आणि तिचा दोरा ताठ असतो. वळणावर तो किंचित सैल होतो, मग पुन्हा घट्ट. कुणीतरी मागच्या सीटवर सुई चिमटीत धरून, धक्के थांबायची वाट बघत बसावं तसा. मधल्या आरशात मी बघत नाही. मागची वाहनं बघायला बाहेरचे आरसे पुरतात.

पोरं म्हणतात, माझ्या मागची सीट ओली असते. काल कुणीतरी हात लावून म्हणालं, चिखल आहे.

पाणी मी कडेकडेनं घेतो. बाकी काही तोंडात घालायचं म्हणजे दोरा काढावा लागेल. ताईचं काम पहिल्यापासून सावकाश. गाठ मारायला ती विसरलेली नाही, मला माहीत आहे. तिला होऊ दे सवडीनं.

मला काही एवढी भूक नाही.